पदपथावरचे संगीतकार: हॉलीवूडचे तारे बसवतात कसे, निवडतं कोण, फुटतात का

लादीघाशा (धागाकर्ता)

लॉस एंजेलिसमधल्या हॉलीवूड बुलेव्हार्डच्या पदपथावर नावाजलेल्या कलाकारांच्या नावाचे तारे बसवलेत, तोच ‘वॉक ऑफ फेम’. तिथे गेलेला माणूस वाकतो, फोटो काढतो आणि पुढे सरकतो. तो तारा जमिनीत बसलाय कसा, नाव कुणाचं हे ठरवतं कोण आणि फुटला तर खर्च कुणाच्या माथी, यावर फारसं कुणी बोलत नाही. सिनेमावाल्यांवर भरपूर धागे आहेत, म्हणून इथे शक्यतो गाणारे-वाजवणारेच घेऊ.

आधी मोजमाप. प्रत्येक चौकट ३ फूट बाय ३ फूट, कोळशासारख्या काळपट टेराझोची (सिमेंटमध्ये दगडाच्या चिप्स घालून, घासून गुळगुळीत केलेली फरशी). तिच्यात पोवळ्याच्या गुलाबी रंगाचा पाच टोकांचा तारा आणि ताऱ्याच्या कडेने पितळी पट्टी. ताऱ्याच्या वरच्या भागात पितळी अक्षरांत नाव, त्याखाली पितळेचंच एक गोल चिन्ह. चौकटी ६-६ फुटांवर. बुलेव्हार्डवर गावर स्ट्रीटपासून ला ब्रेयापर्यंत आणि व्हाइन स्ट्रीटवर युक्कापासून सनसेटपर्यंत, दोन्ही बाजूंच्या पदपथांवर. एकूण लांबी १.३ मैल.

मूळ आराखडा वेगळाच होता. रंग तपकिरी आणि निळा, आणि ताऱ्यात कलाकाराचं व्यंगचित्र. पितळी रेघांत चेहरा उतरवणं महाग आणि कटकटीचं निघालं, रंगही शेजारच्या नव्या इमारतीशी फटकून वागायला लागले, म्हणून दोन्ही गोष्टी वगळल्या. १९५८ मध्ये नमुन्याचे ८ तारे बसवले, मार्च १९६० मध्ये पहिला कायमचा तारा बसला, आणि पहिल्या खेपेत १,५५८ नावं लागली. व्यंगचित्रं गेली हे बरंच झालं. बुटांखाली घासून नाकं सपाट झालेले गायक बघवले नसते.

मारव्याचा_मध्यम

चिन्हाबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. कलाकाराचं क्षेत्र कोणतं ते चिन्ह सांगतं. मूळ चिन्हं चार: सिनेमाचा कॅमेरा, टीव्हीचा संच, ग्रामोफोन आणि रेडिओचा मायक्रोफोन. १९८४ मध्ये पाचवं आलं, हसऱ्या-रडव्या मुखवट्यांचं. ते आधी नाटकासाठी होतं, पुढे एकूणच प्रत्यक्ष रंगमंचावरच्या सादरीकरणासाठी. २०२३ पासून खेळाडूंसाठी वेगळा वर्ग झालाय.

म्हणजे मायक्रोफोन दिसला की गायक, असं समजू नका. मायक्रोफोन म्हणजे रेडिओवाला. गायकाच्या ताऱ्यावर सहसा ग्रामोफोन असतो. जून २००९ मध्ये मायकल जॅक्सन गेला तेव्हा चायनीज थिएटर या सिनेमागृहासमोरचा त्याचा तारा एका प्रीमियरच्या सामानाखाली झाकलेला होता. चाहत्यांनी शोधाशोध करून दुसऱ्याच मायकल जॅक्सनच्या ताऱ्यावर फुलं वाहिली. तो लॉस एंजेलिसमधला रेडिओ निवेदक, आणि तेव्हा हयात! खाली चिन्ह मायक्रोफोनचं होतं, कुणी बघितलं नाही.

पाचही जुन्या वर्गांत तारे असलेला माणूस एकच, जीन ऑट्री, गाणारा काउबॉय. बँड आणि त्यातला माणूस यांचे तारे वेगळे धरतात. बीटल्सचा एक तारा बुलेव्हार्डवर आहे. शिवाय व्हाइनवर कॅपिटल रेकॉर्ड्सच्या गोल इमारतीसमोर लेनन (१९८८), हॅरिसन (२००९), रिंगो (२०१०) आणि मॅकार्टनी (२०१२) असे चौघांचे वेगळे.

कोकणकडा

टेराझो म्हणजे आपली जुन्या चाळीतली मोझॅकच ना? मग ती उघड्यावर उन्हापावसात टिकते कशी? आमच्याकडे गच्चीतली पाच वर्षांत पोकळ वाजायला लागते.

लादीघाशा

तीच ती. फरक इतकाच की आपण बहुतेक वेळा कारखान्यातली तयार लादी लावतो आणि हे जागेवर ओतून घासायचं काम. पोकळ का वाजते ते पुढे येईलच.

३ बाय ३ फुटांची अशी एक चौकट आपल्याकडच्या मालातून करायची तर सरकारी बांधकामाच्या प्रमाणात सांगतो. हॉलीवूडचा माल याच प्रमाणाचा आहे असा माझा दावा नाही, कृती मात्र त्याच जातीची.

खाली ठोकून घट्ट केलेली भर आणि साधं काँक्रीट. त्यावर १:२:४ चा (सिमेंट, वाळू, खडी) थर, खडी बारीक, १२.५ मिमीपर्यंत. एकूण जाडी ४० मिमी धरली आणि वर ४ ते ७ मिमीच्या संगमरवरी चिप्स वापरल्या, तर खालचा थर ३१ मिमी आणि वरचा ९. चिप्स १ ते ४ मिमीच्या असतील तर वरचा थर ६ मिमी पुरतो, ७ ते १० च्या असतील तर १२ लागतो. जाड चिप्स पातळ थरात घातल्या की घासताना उपटून येतात आणि खड्डे राहतात. गवंडी मग तिथे नुसतं सिमेंट चोपडून मोकळा होतो.

वरच्या थराचा मसाला: सिमेंट ३ भाग आणि संगमरवराची भुकटी १ भाग, वजनाने. हे कोरडं मिश्रण ४ माप आणि चिप्स ७ माप, आकारमानाने. गुलाबीसाठी पांढरं सिमेंट आणि तांबडा आयर्न ऑक्साइड. रंग सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. १० च्या पुढे गेलात तर ताकद घटते. आणि ताऱ्याचा सगळा कोरडा माल एकदाच कालवून ठेवा. दुसऱ्या खेपेला छटा जुळत नाही, कितीही मोजलं तरी. ९ मिमीच्या थराला पूर्ण चौकटीत दाबून बसलेला माल साधारण साडेसात लिटर लागतो, त्यातला गुलाबी वेगळा, काळा वेगळा.

पट्टी पितळेचीच हवी. ॲल्युमिनियमला ओल्या सिमेंटचा क्षार खातो, काच पदपथावर फुटते. ताऱ्याची पितळी कड आधी खालच्या थरात सरळ बसवायची, लेव्हल पट्टी लावून दहाही कोपरे तपासायचे. आधी गुलाबी ओतायचा, तो आवळला की बाहेरचा काळा. उलट केलं तर काळ्याची राड गुलाबीत जाते आणि ती घासूनही निघत नाही.

आता पोकळ वाजण्याचं. खालचा थर टाकल्यावर १८ ते २४ तासांच्या आत वरचा पडला पाहिजे, मध्ये सिमेंटचं पातळ पाणी मारून. चार दिवस सुकलेल्या, धूळ बसलेल्या कोब्यावर मोझॅक ओतली की दोघांचा संसार कधी जमत नाही. गच्चीवर ऊन-पाऊस दोन्ही, त्यामुळे तिथे ते लवकर उघडं पडतं.

घंटाघर

अक्षरांबद्दल मी लिहितो, पितळ हा माझा प्रांत.

अक्षर नुसतं चिकटवत नाहीत. मागे पाय असतात, ते खालच्या थरात रुततात. अक्षराची उंची वरच्या थराइतकी किंवा मिलिमीटरभर जास्त ठेवायची, कारण घासाईत वरचा भाग जाणारच. कमी पडली तर अक्षर मालाखाली बुडतं. मग ते शोधायला आख्खी चौकट खाली घासावी लागते आणि कडेच्या पदपथाशी पातळी चुकते.

खरी डोकेदुखी अक्षरांच्या पोटात. रोमन लिपीतल्या ए, बी, आर यांच्या बंद जागेत ७ मिमीची चिप शिरत नाही. शिरली तर एकच मोठा ठिपका दिसतो. तिथे १-२ मिमीची बारीक चिप वेगळी कालवून हाताने, बारीक थापीने दाबायची. आतली हवा काढायला कडेला हलकं ठोकायचं. इथे आळस केला की पॉलिशनंतर नेमकं अक्षराच्या पोटात भोक दिसतं, आणि फोटोत तेच उठून येतं.

घासाई यंत्राने करायची तर साधारण आठवडा थांबा, तोपर्यंत ओलं ठेवा. आधी ६० नंबरचा दगड, मग १२०, शेवटी ३२० (नंबर वाढला की दगड बारीक). प्रत्येक फेरीनंतर धुऊन, त्याच रंगाच्या सिमेंटचं ग्राउट भोकांत भरून, पुन्हा काही दिवस ओलं. पितळ असलेल्या कामात पाणी दुप्पट सोडा. पितळेचा काळा चुरा गुलाबी सिमेंटच्या छिद्रांत बसला की तारा जन्मभर मळकट दिसतो.

तळ्यात_मळ्यात

आणि स्पेलिंग कोण तपासतं? 😀

घंटाघर

हसू नका, तिथेही चुकलंय. अभिनेत्री ज्युलिया लुई-ड्रायफसच्या नावातलं एक अक्षर २०१० मध्ये गळालं होतं, नंतर दुरुस्त केलं. मॉरित्झ स्टिलर या दिग्दर्शकाचं नाव तर मॉरिस डिलर असं बसलं आणि १९८८ पर्यंत तसंच राहिलं. ओतण्याआधी कागदी साच्यावर सही घेणं हा एकच उपाय. कालवलेला माल वाट बघत नाही.

पासाडेनाकर

निवड आणि पैसा यावर लिहितो.

पदपथ शहराच्या मालकीचा. निवड हॉलीवूड चेंबर ऑफ कॉमर्सची समिती करते, शहराचं सार्वजनिक बांधकाम मंडळ मान्यता देतं, देखभाल हॉलीवूड हिस्टॉरिक ट्रस्ट बघतो. १९७८ पासून हे शहराचं वारसा स्मारक आहे, क्रमांक १९४.

वर्षाला साधारण दोनशे नामांकनं येतात, तीसच्या आसपास निवडली जातात. नामांकन कुणीही करू शकतं, चाहता मंडळसुद्धा, पण कलाकाराची लेखी संमती लागते. समारंभाला स्वतः यायची कबुलीही द्यावी लागते. किमान ५ वर्षांची कारकीर्द हवी. निवड झाली की २ वर्षांत समारंभ उरकायचा. मरणोत्तर नामांकनाला मृत्यूनंतर काही वर्षं थांबावं लागतं.

मग शुल्क. १९८० मध्ये २,५०० डॉलर होतं, २०२३ मध्ये ७५,०००, आता त्याहून वर. त्यातून तारा, समारंभ आणि देखभाल निधी. सहसा रेकॉर्ड कंपनी, चित्रपट कंपनी किंवा चाहते भरतात. सुरुवातीला मात्र हे सगळं रस्त्याकडेच्या मालमत्ताधारकांनी उभं केलं. दुकानाच्या दर्शनी फुटाला ८५ डॉलर, एकूण साडेबारा लाखांच्या घरात, त्यात दिवे आणि झाडंही होती.

संगीतवाल्यांसाठी सगळ्यात रंजक भाग पुढचा. पन्नाशीच्या दशकात पहिली यादी करायला रेकॉर्ड कंपन्यांचे अधिकारी बसले. निकष होता १० लाख रेकॉर्ड किंवा अडीच लाख अल्बमांची विक्री. यादी करताना त्यांच्याच लक्षात आलं की या चाळणीतून कितीतरी उत्तम कलाकार गळतायत आणि त्यांना कधीच काही मिळणार नाही. त्या बोलण्यातून रेकॉर्डिंग अकादमी उभी राहिली आणि ४ मे १९५९ ला संगीताचे पहिले ग्रॅमी पुरस्कार दिले गेले. म्हणजे ग्रॅमीचं मूळ या पदपथात आहे.

तंबोऱ्याची_खुंटी

थोडक्यात काय, पैसे द्या आणि तारा घ्या. याला सन्मान कसं म्हणायचं?

पासाडेनाकर

खुंटीताई, पैसे भरून निवड होत नाही, निवड झाल्यावर पैसे भरावे लागतात. हा फरक आहे. पण तुमचा मुद्दा पूर्ण खोटाही नाही. प्रायोजक नसलेल्या कलाकाराचं नामांकन कोण करणार? समारंभाची तारीख नव्या अल्बमच्या किंवा सिनेमाच्या आठवड्यात पडते हेही उघड आहे. माझ्या मते याला अर्धा सन्मान, अर्धी जाहिरात म्हणावं. मात्र सुरुवातीचे १,५५८ या शुल्काशिवाय लागले. त्यात चुकीचे लोक कमी नाहीत, आणि राहून गेलेलेही.

वारीचा_वाटसरू

मला मूळ कल्पनाच पटत नाही. गुरूचं नाव आणि त्यावर पाय?

मारव्याचा_मध्यम

हा आक्षेप तिथेही आलाय. मुष्टियोद्धे मुहम्मद अलींनी आपल्या नावातलं पैगंबरांचं नाव पायदळी नको म्हटलं, म्हणून २००२ मधला त्यांचा तारा आजच्या डॉल्बी थिएटरच्या भिंतीवर आहे. आपल्याकडे पंढरपूरची नामदेव पायरी घ्या. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी महाद्वाराची जागा मागून घेतली, आणि वारकरी ती पायरी न तुडवता तिथे डोकं टेकतात. देणाऱ्याचा भाव एक, घेणाऱ्याचा दुसरा. पदपथावर तेवढी सवलत मिळणार नाही हे खरं.

वारीचा_वाटसरू

नामदेव पायरीचा दाखला मान्य. तरीही भिंतच बरी.

लादीघाशा

भिंतीवर झीज नाही, पाणी साचत नाही, झाडाची मुळं नाहीत. माझंही मत भिंतीलाच, कारण वेगळं.

आता काय काय बिघडतं ते. २००८ मध्ये तेव्हाच्या सगळ्या २,३६५ ताऱ्यांची पाहणी करून शाळेसारखी ए ते एफ श्रेणी दिली होती. सगळ्यात वाईट म्हणजे एफ मिळालेल्यांत पीटर फ्रॅम्प्टन, बॉबी शर्मन आणि फ्रँक क्रमिट हे तीन गाणारे. किमान ७७८ तारे दुरुस्त करायचे किंवा बदलायचे ठरले, अंदाज ४० लाख डॉलरच्या वर.

भेगा का जातात? पहिलं कारण खालची जमीन. १९९४ मध्ये भुयारी मेट्रोच्या खोदाईत बुलेव्हार्डचा काही भाग जवळजवळ ९ इंच खचला. वरचं टेराझो कितीही चांगलं असलं तरी एवढं सोसत नाही. दुसरं, झाडांची मुळं. ती काँक्रीट एका कोपऱ्यातून उचलतात आणि भेग तिरकी, कोपऱ्याकडून मधल्या चिन्हाकडे जाते. अशी तिरकी भेग दिसली तर वरून मसाला भरून उपयोग नाही, आधी मूळ बघा. तिसरं, सांधे. पितळ उन्हात काँक्रीटपेक्षा दीडपटीहून जास्त फुगतं. चौकटीभोवती लवचिक सांधा नसेल तर ताकद पट्टीच्या टोकाशी एकवटते आणि ताऱ्याच्या अणकुचीदार कोनातून केसासारखी भेग निघते. पाच टोकांचा आकार दिसायला छान, बांधकामाला वाईट. गोल असता तर अर्ध्या भेगा टळल्या असत्या.

चोरीही होते. २००० मध्ये रस्त्याच्या कामासाठी काढून ठेवलेले जेम्स स्टुअर्ट आणि कर्क डग्लस या नटांचे तारे पळवले. २००५ मध्ये नट ग्रेगरी पेकचा तारा काँक्रीट कापायच्या करवतीने कापूनच नेला. जीन ऑट्रीचाही एक अशाच कामात गेला होता. वर दिलेल्या मापाने नुसती ४० मिमी जाडीची चौकट ८० किलोच्या आसपास भरते, म्हणजे हे एकट्यादुकट्याचं काम नाही.

तळ्यात_मळ्यात

फक्त संगीतासाठी असे पदपथ कुठे आहेत?

मारव्याचा_मध्यम

मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर पितळी स्वरचिन्हं आहेत, १९८६ पासून. ब्लूज ज्या रस्त्यावर वाजली तिथेच ती बसवलीत, म्हणून मला ती हॉलीवूडपेक्षा जवळची वाटतात. नॅशव्हिलमध्ये २००६ पासून कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमसमोरच्या उद्यानात स्टेनलेस स्टील आणि टेराझोचे तारे आहेत, तारा आणि गिटार एकात एक. तिथे नुसते कंट्रीवाले नाहीत, रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही आहे. सेंट लुईसच्या डेलमार रस्त्यावर पितळी ताऱ्याबरोबर ब्राँझची पाटी असते, तिच्यावर माहितीचे चार शब्द. रॉक अँड रोलवाला चक बेरी १९८९ च्या पहिल्या तुकडीतला. तिथे सगळ्या क्षेत्रांतले लोक घेतात, पण माणूस त्या शहराचा असावा लागतो, आणि ताऱ्याला असा पत्ता असला की वजन येतं. इंग्लंडात बर्मिंगहॅमने २००७ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्नपासून सुरुवात केली. पुढे ट्रामच्या कामासाठी तारे उचलावे लागले.

लादीघाशा

त्यासाठीच नवीन काम करताना चौकट सुटी करावी. कारखान्यात स्टीलच्या ट्रेमध्ये ओतून, घासून आणायची, जागेवर वाळूच्या थरावर बसवायची आणि सांधा लवचिक सीलंटने भरायचा. केबल टाकायला आले की सीलंट कापा, उचला. नॅशव्हिलसारख्या गोठणाऱ्या हवेत ट्रेखाली पाणी निघायला वाटही ठेवावी लागते.

कोकणकडा

आपल्यापैकी कुणी आहे का हॉलीवूडच्या पदपथावर?

पासाडेनाकर

आहेत की. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. १ मार्च २०११, तारा क्रमांक २,४३४, व्हाइन स्ट्रीटवर. १९६२ ते १९७८ ते लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे संगीत दिग्दर्शक होते. वडील मेहली मेहता बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. सिनेमाच्या बाजूने म्हैसूरकडचा नट साबू फार जुना.

शोधायची युक्ती: बुलेव्हार्डवर विषम क्रमांक उत्तरेला, सम दक्षिणेला, आणि आकडे पश्चिमेकडे वाढतात. व्हाइनचा नाका ६३०० च्या आसपास, हायलँडचा ६८०० ला. एल्विस ६७७७ म्हणजे उत्तरेचा पदपथ, बीटल्स ७०८० म्हणजे दक्षिणेचा. मेहता १६०० व्हाइन, मेट्रोच्या हॉलीवूड-व्हाइन स्थानकावरून चालत. सकाळी लवकर जा. दुपारी वेशभूषा केलेले लोक फोटोचे पैसे मागतात आणि कुणीतरी हातात सीडी कोंबतो. ती घेतली की पैसे द्यावेच लागतात, हात खिशात ठेवा.

तंबोऱ्याची_खुंटी

मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर २०१२ मध्ये असाच प्रकार झाला होता ना? सिनेमावाल्यांचे पुतळे आणि हातांचे ठसे.

लादीघाशा

हो, एका वाहिनीने केला होता, काही वर्षांत उचलला गेला. समुद्राकाठी पितळेला खारी हवा खाते, ते वेगळंच प्रकरण. आणि पावसात पॉलिश केलेलं टेराझो घसरतं. आपल्याकडे करायचं तर ३२० पर्यंत जाऊच नका, १२० वर थांबा. चमक कमी, पण कुणाचा गुडघा फुटणार नाही.

कोकणकडा

शेवटचा प्रश्न. पितळ काळं पडलं की घरी चिंचेने घासतो तसं चालेल?

घंटाघर

अजिबात नाही! चिंच, लिंबू, व्हिनेगर, सगळी आम्लं. पितळ उजळेल, पण शेजारच्या संगमरवरी चिप्स खाल्ल्या जातील आणि ताऱ्याभोवती खरबरीत पांढरी कड उमटेल.

तळ्यात_मळ्यात

पण पॉलिशवाला ऑक्झॅलिक वापरतो. तेही आम्लच की!

घंटाघर

बरोबर पकडलंत. ऑक्झॅलिकची भुकटी अगदी थोड्या पाण्यात, यंत्राखाली घासत वापरतात. संगमरवराशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा पातळ थर तयार होतो, तीच चमक. ते काम एकदा, शेवटी आणि जाणत्या हाताने. रोजच्या सफाईला नाही.

पितळेसाठी अक्षराभोवती कागदी चिकटपट्टी लावा, धातूच्या पॉलिशची पेस्ट फडक्यावर घ्या, फक्त पितळेवर फिरवा आणि लगेच कोरड्या फडक्याने उचला. बाकी चौकटीला आम्ल-क्षार नसलेला साबण, मऊ ब्रश, भरपूर पाणी. सीलर (पाणी आणि डाग आत जाऊ न देणारा लेप) आत मुरणारा घ्या. वर पापुद्रा धरणारा घेतलात तर पहिल्या पावसात घसरेल आणि पुढे पांढरा होऊन सुटेल. सीलर संपला का ते बघायला कोरड्या लादीवर पाण्याचा थेंब टाका. पाच मिनिटांत मुरून काळा डाग पडला तर पुन्हा हात मारायची वेळ झाली.